गोव्याहून स्वस्तात प्रवास, क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गोव्यात राहून पगारावर किंवा छोट्या धंद्यावर घर चालवणाऱ्यांसाठी आहे. बिझनेस क्लासमधून टोकियो गाठण्याच्या युक्त्या इथे मिळणार नाहीत. कामासाठी मुंबई, लेकीकडे पुणे, आईवडिलांना घेऊन काशी, दोन-तीन वर्षांतून एकदा भावाकडे दुबई, असा ज्यांचा प्रवास आहे त्यांचे हे प्रश्न. बँका आपले दर आणि अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा कार्ड घेण्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरची ताजी अटींची यादी उघडून बघाच.

पॉइंटवर खरंच फुकट प्रवास होतो का?

फुकट नाही, स्वस्त होतो. तुम्ही कार्ड वापरलं की दुकानदाराच्या खिशातून एक शुल्क कापलं जातं. त्यातला मोठा वाटा तुमच्या कार्डाच्या बँकेला मिळतो आणि त्यातलाच तुकडा ती तुम्हाला पॉइंट म्हणून परत देते. शिवाय जे लोक बिल थकवतात त्यांच्याकडून व्याज येतं, त्यावरही ही योजना पोसली जाते. साध्या कार्डावर खर्चाच्या अर्धा-एक टक्का परत मिळतो. कार्ड चांगलं असेल आणि पॉइंट नीट वापरले तर दोन-तीन टक्क्यांपर्यंत जाता येतं. घरचा कार्डावर बसणारा खर्च वर्षाला ३ लाख धरला तर एक टक्क्याने ३,००० रुपये झाले. एवढ्यात मुंबईची एखादी फेरी निघेल, बाली नाही.

माझ्याकडे ८,००० पॉइंट आहेत. म्हणजे किती रुपये?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं एकच एक उत्तर नसतं. त्याच कार्डाचे तेच पॉइंट कुठे वापरता यावर किंमत ठरते. बिलात वळते केले किंवा बँकेच्या वस्तूंच्या कॅटलॉगमधून मिक्सर मागवला तर बहुतेक वेळा सगळ्यात कमी किंमत मिळते. बँकेच्या प्रवास पोर्टलवर तिकीट काढलं तर साधारण त्याहून बरी. विमान कंपनीच्या मैलांत (म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंटांत) बदलले तर कधी फार चांगली, कधी अगदी रद्दी.

म्हणून दर वेळी एक छोटा हिशेब करायचा. समजा गोवा-बंगळूर तिकीट पैशांत ४,२०० रुपयांना आहे. तेच पॉइंट मैलांत बदलून घेतलं तर ८,००० पॉइंट आणि वर १,००० रुपये कर-शुल्क लागतंय. ४,२०० मधून १,००० वजा केले, राहिले ३,२००. त्याला ८,००० ने भागलं की एका पॉइंटचे ४० पैसे आले. कॅटलॉगवर २५ पैसेच मिळत असतील तर तिकीट घ्या. तुमच्या कार्डावर पोर्टल ५० पैसे देत असेल तर मैलांच्या नादाला लागू नका.

यात एक चलाखी लोक स्वतःशीच करतात. '७० हजारांचं बिझनेस क्लासचं तिकीट पॉइंटवर मिळालं' असं सांगतात. ते तिकीट तुम्ही ७० हजार मोजून कधी काढलं असतं का? नसतं, तर वाचले किती ते तुमच्या नेहमीच्या इकॉनॉमीच्या भाड्याशी तुलना करून सांगा.

आणि पॉइंट वापरून तिकीट काढताना अनेक बँका छोटं शुल्क लावतात, त्यावर जीएसटी. काही पोर्टलांवर पूर्ण रक्कम पॉइंटने भरताच येत नाही. एचडीएफसीच्या स्मार्टबाय या पोर्टलवर विमान आणि हॉटेलसाठी ७० टक्क्यांची मर्यादा आली, उरलेलं कार्डाने भरायचं. त्यामुळे 'माझ्याकडे पुरेसे पॉइंट आहेत' एवढ्यावर सुट्टी ठरवू नका.

वार्षिक फी असलेलं कार्ड घ्यावं की फुकटचं?

फी भागते का ते बघा. ५०० रुपये फी म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ५९०. कार्ड अर्धा टक्काच परत देत असेल तर ५९० वसूल व्हायला १,१८,००० रुपये खर्च करावे लागतील, फायदा त्याच्या पुढे. अमुक खर्च केला की पुढच्या वर्षाची फी माफ, अशी अट बऱ्याच कार्डांवर असते. पण ती गाठायला डिसेंबरात नको असलेला टीव्ही घेणारे लोक मी पाहिले आहेत.

महिना जड गेला, किमान रक्कम भरली. पॉइंट तर मिळतातच ना?

मिळतात. पण आता हा हिशेब बघा. ४०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, तर महिन्याचे १,४०० रुपये. त्यावर जीएसटी २५२. एकूण १,६५२. त्याच ४०,००० वर एक टक्क्याने मिळालेले पॉइंट ४०० रुपयांचे. वर्षाला साडेतीन टक्के नव्हे, महिन्याला, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के.

शिवाय एकदा बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते. नव्या खरेदीवरही, ती ज्या दिवशी केली त्या दिवसापासून व्याज चढतं. बिलावर 'किमान देय' ठळक छापलेलं असतं, 'एकूण देय' शोधावं लागतं असं वाटण्याइतकी आपली नजर तिकडेच जाते. बँकेत ऑटोपे लावताना 'एकूण देय' हाच पर्याय निवडा. पुढचे तीन महिने पूर्ण बिल भरता येईल याची खात्री नसेल तर पॉइंटचा विषय बंद ठेवा आणि यूपीआयवर खर्च करा. यात मी कोणालाही सूट देत नाही, सख्ख्या भावालासुद्धा.

गोवेकराला रेल्वेचं कार्ड बरं की विमानाचं?

बहुतेकांना रेल्वेचं, जरी ते चारचौघांत मिरवण्यासारखं नसलं तरी. वर्षातून तीन-चार वेळा मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी किंवा वंदे भारतने मुंबई आणि गोवा एक्स्प्रेसने पुणे, असा ज्यांचा नेम आहे त्यांना एसी तिकिटांवर भरघोस परतावा देणारं आयआरसीटीसीचं कार्ड परवडतं. एसबीआयच्या आयआरसीटीसी कार्डाची ओळखच अशी की एसी वर्गाच्या तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंतचं मूल्य पॉइंटमध्ये येतं आणि तिकीट काढताना एक पॉइंट एक रुपया धरला जातो. वर्षाला १५,००० ची एसी तिकिटं काढणाऱ्या घरात १,५०० रुपये परत येतात. कार्डाने पैसे भरताना लागणारा एक टक्का अधिभारही माफ होतो, तो वेगळा. स्लीपरने जाणाऱ्यांनी मात्र हे कार्ड घेऊ नये, फायदा एसीपुरताच आहे.

विमानाचं कार्ड कुणाला? ज्याचं कंपनीचं काम दिल्ली-हैदराबादला असतं आणि तिकिटाचे पैसे कंपनी नंतर परत करते त्याला. खर्च कंपनीचा, पॉइंट त्याचे. हा खरा राजयोग.

चवथीला (गणेश चतुर्थीला) पॉइंटवर तिकीट मिळेल का?

चवथीच्या आधी गर्दी असते ती मुंबई-पुण्याहून इकडे येणाऱ्यांची, आणि दीड किंवा पाच दिवसांनी विसर्जन झालं की परत जाणाऱ्यांची. तुम्ही गोव्यात असाल आणि चवथीच्या चार दिवस आधी मुंबईला जाऊन येणार असाल, तर जाताना डबा बऱ्यापैकी मोकळा मिळतो, येताना रडकुंडी येते. पॉइंट खर्चायचे ते त्या येण्याच्या तिकिटावर, किंवा बाहेरून घरी येणाऱ्या भावंडांच्या तिकिटावर.

रेल्वेत अडचण पॉइंटची नसते, जागेची असते. कोकणकन्येचं भाडं चवथ आली म्हणून वाढत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि सकाळी ८ ला लॉगिन करून बसा. पॉइंट वापरायचे की कार्डाने भरायचं हा वाद घरात आदल्या रात्री मिटवा. ८ वाजून ३ मिनिटांनी वेटिंग लागल्यावर चर्चेचा उपयोग नाही.

विमानाचं उलट आहे. भाडं दुप्पट झालं की पोर्टलवर पॉइंटही दुप्पट जातात, कारण तिथे पॉइंटची किंमत रुपयाला बांधलेली असते. विमान कंपनीच्या स्वतःच्या योजनेत कधी कधी गर्दीच्या दिवसातही एखादी बक्षिसाची (म्हणजे पॉइंटवर मिळणारी) जागा नेहमीच्याच पॉइंटांत सुटते, तिथे नशीब अजमावायला हरकत नाही.

मोपा की दाबोळी? पॉइंटवर तिकीट शोधताना दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

दोन्ही विमानतळांचे कोड वेगळे आहेत. दाबोळीचा जीओआय आणि मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जीओएक्स. मोपावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. काही पोर्टलांवर 'गोवा' टाकलं की दोन्ही येतात, काहींवर एकच. त्यामुळे दोनदा शोधा, खास करून बक्षिसाच्या जागा बघताना.

पण खरा प्रश्न घरापासूनचा आहे. काणकोणहून मोपा शंभरेक किलोमीटर. पेडण्याच्या माणसाला तेच मोपा परसात. गोव्यात ओला-उबर नाही, टॅक्सीचं भाडं तुम्हाला ठाऊकच आहे. समजा मडगावच्या कुटुंबाने मोपाहून तिकीट घेऊन ९०० रुपयांचे पॉइंट वाचवले आणि टॅक्सीला दोन-अडीच हजार मोजले, तर वाचलं काय? कदंबची (सरकारी) विमानतळ बस आपल्या वेळेला आहे का ते आधी बघा. नसेल तर दाबोळीचं जरा महाग तिकीट घ्या. पहाटेच्या विमानाला बस धरून जाण्याचा बेत तर कुणी करूच नये. घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंतचा सगळा खर्च एका कागदावर मांडला की निम्म्या 'डील' तिथेच गळतात.

बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या योजनेत पाठवावेत का?

समोर तिकीट दिसत असेल, तारीख ठरली असेल, तरच. एकदा पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. 'पुढे कधीतरी लागतील' म्हणून पाठवलेले पॉइंट कंपनीच्या मर्जीवर राहतात, आणि कंपन्यांचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वळवले गेले. बुडाले नाहीत, पण नियम नव्या घराचे लागू झाले.

जवळच्या प्रवासासाठी मैल फार उपयोगाचे नाहीत. गोवा-मुंबईसारख्या तासाभराच्या उड्डाणात तिकिटाचा बराच भाग कर आणि विमानतळ शुल्काचा असतो, आणि ते पैसे बक्षिसाच्या तिकिटावरही रोख द्यावे लागतात. लांबच्या प्रवासात हे गणित सुधारतं.

हॉटेलच्या योजनांपैकी अ‍ॅकॉरची मला आवडते ती सरळपणामुळे: २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, बिलातून वजा. मॅरियटसारख्या योजनेत मात्र दर रात्रीचे पॉइंट तारखेनुसार हलतात, त्यामुळे वरचा भागाकार प्रत्येक वेळी करावाच लागतो.

म्हापशाच्या बाजारात कार्ड कुठे चालतं? पॉइंट जमणार कसे?

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडा. २०२२ पासून ही सोय आहे आणि गोव्यासारख्या ठिकाणी तिचाच खरा उपयोग, कारण आपला निम्मा खर्च लहान दुकानांत होतो. किराणा, औषधं, हार्डवेअर, सगळीकडे क्यूआर आहे.

पण शुक्रवारच्या बाजारात अनुभव असा येतो: मासळीवालीसमोर क्यूआरचा पुठ्ठा असतो, स्कॅन केला तर नाव तिच्या मुलाचं येतं आणि क्रेडिट कार्डाचा पर्याय करडा होऊन बसतो. तो क्यूआर व्यापारी खात्याचा नसतो, व्यक्तीचा असतो, आणि व्यक्तीला क्रेडिट कार्डावरून यूपीआय पाठवता येत नाही. तिथे बँक खात्यातून द्या आणि पुढे चला. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणि पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सुकी मासळी यांचे पॉइंट मिळतील या आशेवर राहू नका. लहान यूपीआय व्यवहारांवर काही कार्डं कमी पॉइंट देतात, तेही तपासा.

कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत?

पेट्रोल, वॉलेट भरणा, घरभाडं आणि हप्त्यांवर घेतलेली वस्तू, यांवर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. विमा, वीजबिल, सरकारी भरणा यांवर कमी देतात किंवा महिन्याची मर्यादा घालतात. घरभाड्यावर अनेक बँका उलट शुल्क लावतात. हे सगळं दुकानाच्या चार आकडी वर्गवारी कोडवर ठरतं, तुम्ही काय विकत घेतलं त्यावर नाही.

आणि दुकानदार 'कार्डाला दोन टक्के वर' म्हणाला, तर कार्ड पाकिटातच ठेवा. ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडे हे हमखास होतं. दोन टक्के देऊन एक टक्क्याचे पॉइंट घ्यायचे आणि वर खूश व्हायचं, याला धंदा म्हणत नाहीत.

मित्रांचा खर्च माझ्या कार्डावर केला तर पॉइंट पटापट वाढतील ना?

वाढतील. मित्राने पैसे वेळेत दिले नाहीत तर व्याजही तुमचंच वाढेल. वर्षभरात क्रेडिट कार्डाचं १० लाख किंवा अधिक बिल भरलं, किंवा १ लाख आणि वर रोखीने भरलं, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. विवरणपत्रात उत्पन्न ६ लाख आणि कार्डाचं बिल १४ लाख असेल तर खुलासा तुम्हालाच करावा लागेल. आणि स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरून लोकांना पैसे घेऊन तिकिटं काढून देणं हा तर रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे.

विमानतळावरच्या लाउंजसाठी कार्ड घेऊ का?

नको. पूर्वी नुसतं कार्ड दाखवून आत जाता यायचं, आता अनेक कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असावा लागतो. असलेल्या कार्डावर मिळतंय तर खुशाल जा, चहा-उपमा खा. त्यासाठी खर्च वाढवायचा नाही.

आई गृहिणी आहे, बाबा निवृत्त. त्यांच्या नावावर कार्ड मिळेल?

सोपा मार्ग म्हणजे तुमच्याच कार्डावर त्यांच्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्ड. त्यांचा खर्च तुमच्या बिलात येतो आणि पॉइंट एकाच खात्यात जमतात. जबाबदारी पूर्ण तुमची. दुसरा मार्ग मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. त्याला पगाराची पावती लागत नाही, खर्चाची मर्यादा ठेवीच्या काही टक्के असते आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. आईला स्वतःचा क्रेडिट स्कोअर हवा असेल तर हा दुसरा मार्ग चांगला.

दुबईला हेच कार्ड वापरू?

आधी परकीय चलनावरचं शुल्क बघा. अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. ५०,००० च्या खरेदीवर २,०६५ रुपये गेले, पॉइंट आले पाचशेचे. शुल्क नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड न्या. तिथल्या मशीनवर 'रुपयांत भरायचं की दिरहममध्ये' असं विचारलं की दिरहमच निवडा, रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो.

पॉइंटवर काढलेलं तिकीट रद्द झालं तर?

बँकेच्या पोर्टलवरून काढलं असेल तर विमान कंपनी बहुधा तुम्हाला पोर्टलकडेच धाडते. बदल, परतावा, सगळं तिथूनच. पावसात दरड कोसळून कोकण रेल्वे ठप्प झाली आणि तुमचं पुढचं विमान चुकलं, तर हा मधला दलाल फार जाचतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जोडप्रवास असेल तर मी थेट कंपनीकडून पैशांत तिकीट काढायला सांगेन आणि पॉइंट हॉटेलवर वापरायला. परतावा पॉइंटमध्ये येतो की पैशांत, आणि मुदत संपलेले पॉइंट परत मिळतात का, हे दोन मुद्दे तिकीट काढण्याआधी वाचा.

'आज तुमचे ९,४०० पॉइंट संपत आहेत' असा मेसेज आला. खरा असेल का?

लिंक असेल तर खोटा समजा. पॉइंट किती आहेत ते स्वतः बँकेचं अ‍ॅप उघडून बघा. मेसेजमधली फाइल फोनवर उतरवू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. फसलात तर पहिला फोन बँकेला करून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी येतं, त्यामुळे लाजेपोटी रात्र घालवू नका.

पॉइंट किती दिवस साठवावेत?

बर्फ वितळायच्या आत मासळी संपवावी तसे. अनेक बँकांचे पॉइंट दोन-तीन वर्षांत संपतात, आणि त्याआधीच बँक त्यांची किंमत कमी करू शकते. बँक खात्यातल्या पैशांसारखं त्यांच्यावर व्याज येत नाही. पुढच्या वर्षभरात ठरलेला प्रवास असेल तेवढे ठेवा, बाकीचे वापरून मोकळे व्हा.

कार्ड नकोसं झालं. बंद करू?

आधी पॉइंट वापरा, कारण कार्ड बंद झालं की बहुतेक वेळा तेही जातात. मग त्या कार्डावर लावलेले ऑटोपे, म्हणजे मोबाइल, विमा, ओटीटी, दुसरीकडे हलवा, आणि शेवटचं बिल शून्यावर आणा. त्यानंतर लेखी विनंती करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बाकी नसेल तर बँकेने ७ कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. फोनवरचा माणूस 'फी माफ करतो, थांबा' म्हणेल. खरंच माफ करत असेल आणि कार्ड उपयोगाचं असेल तर थांबा, पण तसं ईमेलवर लिहून घ्या.